नकार न देणारी नियतकालिके

माझ्या नावावर एक असा शोधनिबंध आहे, जो आजवर कोणीही वाचलेला नाही. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण तो वाचताच येत नाही. २०१३ साली पदोन्नतीच्या अर्जात गुण कमी पडत होते, म्हणून मी तो एका 'आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय' मासिकाकडे ईमेलने पाठवला. विषय होता 'लीळाचरित्रा'तील संवादांचे स्वरूप. सकाळी अकराला निबंध गेला आणि दुपारी तीनला स्वीकृतिपत्र आले. सोबत बँकेचा खातेक्रमांक. पंधराशे रुपये भरले. महिन्याभराने अंक हाती पडला तेव्हा लक्षात आले, की मी वापरलेला मराठी फॉन्ट त्यांच्या संगणकात नसावा. सहा पानांपैकी साडेतीन पानांवर देवनागरीच्या जागी इंग्रजी मुळाक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि प्रश्नचिन्हे यांची रांगोळी उमटली होती. चक्रधरस्वामींचे नाव एकदा ओळखू येत होते, पुढे तेही नाही. मी संपादकांना फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "मॅडम, आयएसएसएन नंबर नीट आलाय ना?"

तो नीट आला होता. छाननी समितीने मुखपृष्ठाची झेरॉक्स पाहिली, क्रमांक पाहिला, माझे नाव पाहिले आणि पंधरा गुण दिले. पंधराशे रुपयांत पंधरा गुण, म्हणजे गुणामागे शंभर रुपये. अवाच्य पानांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. ती पाने उघडलीच गेली नसावीत.

ही कबुली आधी देऊन टाकते, कारण या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते ते नेहमी फसवल्या गेलेल्या माणसाच्या सुरात बोलले जाते. मला तो सूर मान्य नाही. मला कोणी फसवले नव्हते.

*

या नियतकालिकांना इंग्रजीत 'प्रिडेटरी' म्हणतात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील शाखेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास हा शब्द रूढ केला. प्रकाशनाचा खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घ्यायचा आणि लेख सर्वांना विनामूल्य वाचू द्यायचा, ही मूळ कल्पना काही वाईट नव्हती. आजही अनेक उत्तम नियतकालिके तिच्यावर चालतात. पण पैसे वाचकाऐवजी लेखकाने द्यायचे ठरले, की जितके लेख छापावेत तितकी मिळकत आणि प्रत्येक नकार म्हणजे बुडीत रक्कम, हे गणित काही चतुर लोकांच्या ध्यानात आले. बील यांनी अशा संशयास्पद प्रकाशकांची यादी चालवली आणि जानेवारी २०१७ मध्ये ती काढून घेतली. तोवर 'प्रिडेटरी' हा शब्द जगभर गेला होता. आपण त्याला 'भक्षक' किंवा 'शिकारी नियतकालिके' म्हणू लागलो.

खरोखर शिकार झालेली माणसे आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. हैदराबादहून चालणाऱ्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला. परीक्षण न करताच केल्याचे सांगणे, संमतीवाचून विद्वानांची नावे संपादक म्हणून छापणे, शुल्काची गोष्ट आधी लपवणे, असे आरोप होते. मार्च २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला. त्याआधी, २०१३ मध्ये, 'सायन्स' या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी ढळढळीत चुका पेरलेला बनावट निबंध किरकोळ फेरफारांसह ३०४ नियतकालिकांना पाठवून पाहिला. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. पोलंडमधील काही संशोधकांनी ॲना ओ. शुस्ट या काल्पनिक बाईंच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज धाडले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तानुसार ४८ ठिकाणी बाईंची नेमणूक झाली. पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे लबाड. अर्जदाराने आपला परिचय नावातच देऊन ठेवला होता आणि तोही कोणी वाचला नाही.

परंतु 'शिकारी' या रूपकात एक सोयीस्कर खोट आहे. सावजाला जाळे दिसत नसते. आपल्याला ते चांगले दिसते. महानुभाव गद्यावरच्या निबंधाचे परीक्षण चार तासांत झाले, यावर माझा क्षणभरही विश्वास बसला नव्हता. ज्या अंकात माझ्या आधी ठिबक सिंचनावर आणि माझ्यानंतर महिला बचत गटांच्या लेखापालनावर निबंध आहे, त्याच्या संपादकाला लीळा म्हणजे काय हे ठाऊक असण्याची शक्यता किती, हे मला कळत होते. मी माल पाहून, भाव विचारून, पैसे मोजून विकत घेतला. अशा माणसाला मराठीत गिऱ्हाईक म्हणतात. गिऱ्हाइकाने स्वतःला सावज म्हणवून घेणे, हा पहिल्याहून मोठा खोटेपणा आहे.

*

गिऱ्हाईक कसे तयार झाले, हेही पाहिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुणांक लावले. परीक्षित नियतकालिकातील निबंधाला पंधरा गुण. परीक्षित नसलेल्या, पण 'मान्यताप्राप्त आणि प्रतिष्ठित', आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातील निबंधाला दहा. प्रतिष्ठा मोजायची कशी, हे महाविद्यालयाच्या कार्यालयाला ठरवता येईना; क्रमांक मात्र बोट ठेवून दाखवता येत होता. तेव्हा क्रमांक हीच प्रतिष्ठा झाली. वास्तविक आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे. मोटारीला पाटी असते तसा. पाटी आहे म्हणून चालकाला गाडी चालवता येते, असे आपण एरवी म्हणत नाही.

पुढे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून आणण्याची सक्ती झाली. ती २०२२ च्या नियमावलीने उठवली. नॅकच्या अहवालात महाविद्यालयाने एकूण किती निबंध छापले याचा रकाना आला. मागणी अशी चहूबाजूंनी वाढल्यावर पुरवठा करणारे गल्लोगल्ली निघाले यात नवल नाही. जागतिक पातळीवरचा एक अंदाज २०१५ मध्ये 'बीएमसी मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा नियतकालिकांतून २०१० साली सुमारे ५३,००० लेख छापले गेले, ते २०१४ मध्ये सुमारे ४,२०,००० झाले. आणि त्या लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के भारतातले होते.

आपल्याकडे या धंद्याला एक खास देशी रूप आले: एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र. सकाळी दीपप्रज्वलन, मग बीजभाषण, दुपारी भोजन, भोजनोत्तर तीन समांतर सत्रांत दर वक्त्याला पाच मिनिटे, आणि निरोपाच्या वेळी हातात प्रमाणपत्रासह विशेषांक. शंभर-सव्वाशे निबंधांचा हा विशेषांक चर्चेच्या आधीच छापून तयार असतो. म्हणजे चर्चेत काहीही घडले तरी निबंधात काडीचाही फरक पडणार नाही, याची हमी आयोजकांनी दिलेली असते. नोंदणी शुल्कात भोजन आणि प्रकाशन दोन्ही समाविष्ट. मी अशा चर्चासत्रांना गेले आहे, आणि एकदा आयोजक समितीतही होते. निबंध 'निवडण्याचे' काम माझ्याकडे होते. एकही नाकारला नाही.

सरकारी उपाय झाले नाहीत असे नाही. आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या यादीतील, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या गटातली १००९ नियतकालिके तपासली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकाचे नाव नाही, कुठे क्रमांक खोटा, कुठे 'इम्पॅक्ट फॅक्टर' बनावट. त्या वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' यादी आली. मग त्या यादीतल्या चांगल्या नियतकालिकांची नावे चोरून हुबेहूब बनावट आवृत्त्या निघाल्या; आयोगाला अशा तोतयांचीही यादी करावी लागली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीच बंद केली, काही मार्गदर्शक निकष दिले आणि पारख करण्याची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांवर, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्यावर, सोपवली. कुंपणाने शेत खाल्ले, मग कुंपणच काढले.

यादी गेली याचे मला दुःख नाही. यादी असताना आपण वाचत नव्हतो. नाव यादीत आहे की नाही एवढेच पाहत होतो. पूर्वी क्रमांक पाहायचो, नंतर यादी. न वाचता पारख करण्याचे साधन आपल्याला हवे होते, आणि असे साधन मिळाले की ते चालवणारा तोतया आज ना उद्या येतोच.

*

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही ऐकून घेण्याजोगे आहेत.

पहिला असा: 'नियमच असे असतील तर बिचाऱ्या अध्यापकाने काय करावे?' तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या तरुणाने, मुलाखतीला जायचे तर निबंधांची संख्या हवी म्हणून उसने पैसे काढून दोन निबंध छापले, तर त्याला मी दोष देणार नाही. पण कायम नोकरीतल्या, सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या, मार्गदर्शक म्हणून सही करणाऱ्या, छाननी समितीवर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सबब वापरता येणार नाही. २०१८ च्या नियमावलीत भाषा आणि मानव्यविद्यांसाठी निबंधाला दहा गुण आहेत. ते कचऱ्याला द्यावेत असे तिच्यात कुठेही लिहिलेले नाही. कचऱ्याला ते देणारी समिती आपलीच असते. 'वरून दबाव होता' हे वाक्य खाली ढकलत ढकलत आपण ते विद्यार्थ्यापर्यंत नेतो, आणि मग त्याला म्हणतो, 'एखादा पेपर टाकून दे कुठेतरी.' 'टाकून दे' हे क्रियापद लक्षात घ्यावे. आपण ते कचऱ्यासाठीच वापरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'पुण्या-मुंबईची प्रतिष्ठित नियतकालिके ठरावीक वर्तुळातल्या लोकांची आहेत. तालुक्याच्या गावचा, पहिल्या पिढीचा, दलित-बहुजन संशोधक तिथे शिरणार कसा? या नियतकालिकांनी निदान त्याला जागा दिली.' यातला पहिला भाग खरा आहे. मराठीतल्या संपादकीय दारांवर कोण उभे होते आणि कोणाला अडवत होते, याचा इतिहास आपण वर्गात शिकवतो. 'सत्यकथे'ची होळी तरुण लेखकांनी उगीच केली नव्हती. पण त्या इतिहासातले पुढचे पान का उलटायचे नाही? ज्यांना दार बंद वाटले त्यांनी अनियतकालिके काढली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवले आणि लिहिणाऱ्यांची एक पिढी घडवली. तिथे नवा लेखक आला तर त्याचे लेखन वाचले जाई. एका नकाराला उत्तर म्हणून दुसरी कसोटी उभी राहिली. कसोटीच नसलेले दुकान हे त्या नकाराचे उत्तर नव्हे. पंधराशे रुपये घेऊन न वाचता छापणारा माणूस तालुक्याच्या संशोधकाला समान मानत नाही. त्याचे लेखन वाचण्याच्या लायकीचे नाही, असे तो मुकाट्याने ठरवून टाकतो. यापेक्षा तुच्छतेने त्याला कोणत्याही सदाशिवपेठी संपादकाने वागवले नसेल.

यात नुकसान मराठी समीक्षेचे झाले. वाईचे 'नवभारत', मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'अनुष्टुभ्', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', विदर्भ साहित्य संघाची 'युगवाणी', मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' ही तुटपुंज्या वर्गणीवर आणि कुणाच्या तरी विनावेतन कष्टांवर चालत आलेली नियतकालिके. गुणांच्या हिशोबात एखाद्याजवळ क्रमांक नाही, एखाद्याचे नाव यादीत नाही, एखादे उत्तर द्यायला चार महिने लावते, म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली. मराठीच्या प्राध्यापकांनी इतके निबंध यापूर्वी कधीच छापले नव्हते, आणि एम.ए.च्या वर्गात संदर्भ सांगायची वेळ आली की आपण अजूनही चाळीस वर्षांपूर्वीचे लेख सांगतो. मग मधल्या काळात छापले ते कोणासाठी?

*

विद्यार्थी विचारतात, 'मग ओळखायचे कसे?' त्यांना मी जे सांगते ते इथे लिहून ठेवते.

निबंध पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचा एक संपूर्ण अंक वाचा. आपल्या विषयावरचा निदान एक लेख त्यात असा आहे का, की जो तुम्ही आपल्या प्रबंधात न लाजता उद्धृत कराल? नसेल तर पुढचे काही तपासायचे कारण उरत नाही. असेल, तर संपादक मंडळ पाहा. त्यातल्या एका तरी व्यक्तीला पत्र लिहा किंवा फोन करा आणि विचारा, 'आपण खरोखर या मंडळावर आहात का? शेवटचा कोणता लेख तपासला?' आपले नाव तिथे आहे हे त्या व्यक्तीला तुमच्याकडूनच कळावे, असेही घडू शकते.

सूचींचा दावा नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तपासू नका. ज्या सूचीचे नाव घेतले आहे तिथे जाऊन शोधा. स्कोपसचे म्हणत असतील तर स्कोपसच्या यादीत, डीओएजेचे म्हणत असतील तर डीओएजेच्या. 'इम्पॅक्ट फॅक्टर' हा क्लॅरिव्हेट या कंपनीच्या अहवालातला आकडा आहे. तिथे नाव नसेल तर तो आकडा कोणीतरी पैसे घेऊन शिवून दिलेला आहे. आयएसएसएनच्या पोर्टलवर क्रमांक घालून तो त्याच शीर्षकाचा आणि त्याच प्रकाशकाचा आहे का, हे पाहा. जुन्या, नामांकित नियतकालिकाच्या नावाने ईमेल आला, तर ग्रंथालयात जाऊन त्याचा छापील अंक काढा आणि पत्ता ताडून पाहा. तोतया नेमका तिथे सापडतो.

पैसे मागितले एवढ्यावरून नियतकालिक लबाड ठरत नाही. पैसे कधी आणि कशाचे मागतात, ते विचारा. परीक्षणाआधीच खातेक्रमांक आला, 'चोवीस तासांत प्रकाशन' असे वचन मिळाले, व्हॉट्सॲपवर 'अंकात शेवटच्या पाच जागा' असा निरोप आला, तर तिथून निघावे. चुकून निबंध दिला गेला असेल, तर पैसे न भरता लेखी कळवून तो मागे घ्यावा आणि ते पत्र जपून ठेवावे. छापून आला असेल, तर तोच लेख गुपचूप दुसरीकडे देऊ नये. घडले ते पुढच्या संपादकाला स्पष्ट सांगावे.

आणि पाठवल्यानंतरची एक कसोटी सर्वांत भरवशाची आहे: तुमच्या लेखाबद्दल कोणी काही विचारले का? एखादे विधान खटकले का, एखादा संदर्भ अपुरा वाटला का? नुसते 'अभिनंदन' आले असेल, तर तुमचा लेख वाचला गेलेला नाही.

हे झाले विद्यार्थ्यांपुरते. अध्यापकांसाठी माझी मागणी एवढीच आहे, की छाननी समितीवर बसल्यावर निबंधाची सर्व पाने मागवावीत आणि त्यांतला निदान एक निबंध पूर्ण वाचून उमेदवाराला त्यावर दोन प्रश्न विचारावेत. यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची गरज नाही. वेळ लागेल, पण तो वेळ आपल्याला पगारात मिळतो.

*

माझ्या त्या निबंधाचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. दोन वर्षांपूर्वी मी तो पुन्हा लिहिला आणि एका मराठी नियतकालिकाकडे पाठवला. सोबतच्या पत्रात आधीच्या प्रकाशनाची सारी हकीकत लिहिली होती. साडेतीन महिन्यांनी उत्तर आले. संपादकांनी निबंध परत केला होता आणि तीन प्रश्न विचारले होते. कोणती आवृत्ती वापरली, आणि तीच का? संवादातील बोलीविषयीची विधाने किती लीळांच्या आधारे केली? आणि तिसरा असा: मूळ 'लीळाचरित्र' परचक्राच्या धामधुमीत हरवले आणि ते पुन्हा आठवणींवरून सिद्ध करावे लागले, त्यातून वेगवेगळे पाठ झाले, असे परंपरा सांगते. असे असताना तुम्ही जिला चक्रधरांची संवादशैली म्हणता, ती चक्रधरांची, म्हाइंभटांची, की नंतर आठवून सांगणाऱ्यांची?

या तिसऱ्या प्रश्नाने माझ्या निबंधाचा पायाच काढून घेतला. दहा वर्षे तो पदोन्नतीच्या फाइलमध्ये पंधरा गुणांसह सुखात पहुडला होता. त्याला हा प्रश्न विचारणारे कोणी भेटले नव्हते. सध्या मी दोन पाठ समोरासमोर ठेवून निवडक लीळा ताडून पाहते आहे. काम संथ चालले आहे. एकोणीस लीळा झाल्या.